पडत्या पाण्याचा हक्क
(खान्देशातील स्थानिक जलव्यवस्थापन आणि जलविद्युत या अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना)

कालव्याला जिथे पायरी असते तिथे पाण्याचा आवाज बदलतो. जमिनीचा उतार कालव्याच्या उतारापेक्षा जास्त असला की अभियंता मध्येच एक पायरी बांधतो. पाणी तिच्यावरून खाली पडते, खालच्या कुंडात घुसळते, फेसाळते आणि निवून पुढे निघते. ते कुंड मुद्दाम बांधलेले असते. पडणाऱ्या पाण्यात जोर असतो. तो तिथेच जिरवला नाही तर पुढचे काठ उकरले जातात. धरणाच्या पायथ्याशी हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. दरवाज्यातून सुटलेल्या पाण्याची ताकद मोडण्यासाठी काँक्रीटचे ठोकळे, आडव्या भिंती, खोल हौद घालावे लागतात. पाण्याचा जोर मारायला आपण पैसे खर्च करतो. आणि त्याच कालव्याच्या लाभक्षेत्रात, दोन-चार शेते पलीकडे, एखादा केळी उत्पादक रात्री दीड वाजता बॅटरी घेऊन विहिरीकडे निघतो, कारण त्या आठवड्यात त्याच्या फिडरची पाळी रात्रीची असते.

या दोन दृश्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिच्यात हे अभ्यासक्षेत्र उभे आहे. ज्यांच्या हाती पाण्याचे वाटप आहे, त्यांच्या हाती त्या पाण्याच्या पडण्यातून निघणारी वीजही असावी का? असली तर ती बांधायची कोणी, चालवायची कोणी, आणि तिचा पैसा कोणाच्या वहीत जमा व्हायचा? प्रश्न विचारायला सोपा आहे. उत्तर शोधताना जलशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी, सहकाराचा इतिहास, महसूल दप्तर, कायदा आणि गावातली माणसे, या सगळ्यांकडे जावे लागते. म्हणून या विषयाला अजून स्वतःचे घर नाही. पाटबंधाऱ्यांच्या अभ्यासकाला वीज परकी वाटते, विजेच्या अभ्यासकाला पाणीपट्टी परकी वाटते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मी मनापासून स्वागत करतो, आणि त्याला आधी जळगाव-धुळ्याकडे घेऊन जातो. घर बांधायचे तर पाया तिथे आहे, असे माझे मत आहे.

सुरुवात पांझरेपासून करू. तापीच्या खोऱ्यातल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, फड पद्धत तीन-चारशे वर्षांपूर्वी उभी राहिली असावी असे मानले जाते. नदीत दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला काळवा, काळव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतांत जाणारे सारंग आणि जादा पाणी परत नदीला देणारे सांडम, अशी तिची रचना. काळव्यांची लांबी दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत आणि वाहण्याची क्षमता सेकंदाला साधारण 450 लिटर. भिजणारी जमीन बहुधा चार फडांत विभागलेली. एक फड दहा हेक्टरांचाही असतो, दोनशेचाही. सरासरी शंभर-सव्वाशे हेक्टरांची. एका फडात त्या वर्षी एकच पीक. कोणत्या फडात ऊस घ्यायचा, कोणत्यात हंगामी पीक घ्यायचे, कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवी. पाटकऱ्याने पाणी द्यायचे, जागल्याने पिके राखायची, हवालदाराने दोघांवर नजर ठेवायची आणि या माणसांचा मोबदला शेतकऱ्यांनी आपल्या धान्यातून द्यायचा. काळव्यातला गाळ काढायची जबाबदारी ज्यांच्या शेताला पाणी जाते त्यांची.

या पद्धतीचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि ते रास्तच आहे. पण कौतुकाच्या भरात तिच्यातली एक गोष्ट नजरेआड होते. फडाचा खरा कस मुबलक पाण्यात लागत नव्हता. टंचाईत लागत होता. पाणी कमी आले की भिजवायचे फडच कमी केले जात, आणि प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तूट सगळ्यांच्या वाट्याला येई. एकाचा मळा हिरवा आणि शेजाऱ्याचा करपलेला, असे होत नसे. पाणी वाटून घेणे पुष्कळांना जमते. पाण्याची तूट वाटून घ्यायला मात्र जमिनीची मांडणीच तशी लागते, आणि ती फडात होती. वीज हीसुद्धा तुटीचीच गोष्ट आहे. ती सदैव हवी तेव्हा आणि हवी तेवढी नसते. विजेची तूट गावाच्या पातळीवर कशी वाटायची, या प्रश्नाला ज्या प्रदेशाकडे काही शतकांचे उत्तर तयार आहे, तो हा प्रदेश.

याच पांझरेच्या काळव्यांवर 1880 च्या दशकात एक तरुण अभियंता आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नोकरीच्या आरंभीच खान्देशात त्यांना काम मिळाले. साक्री तालुक्यात दातर्तीजवळ काळव्याचे पाणी पलीकडे नेण्यासाठी त्यांनी नळांची वक्रनलिका बांधली. पाण्याला एका बाजूने खाली उतरवून दुसऱ्या बाजूने पुन्हा वर चढवायचे, ते केवळ त्याच्याच दाबावर. पडत्या पाण्यात किती ताकद असते याचा धडा त्यांनी इथे गिरवला, असे मला नेहमी वाटते. पुढे त्यांनी नीरा कालव्यासाठी पिकांची ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली. तिच्यात फडाची सावली अनेक अभ्यासकांना दिसते. नंतर म्हैसूर संस्थानात ते मुख्य अभियंता झाले, दिवाण झाले, आणि 1911 मध्ये काम सुरू झालेल्या कृष्णराजसागर धरणात त्यांनी सिंचन आणि वीज यांची सांगड घातली. त्या साठ्यामुळे शेतांना पाणी मिळायचे होते आणि खाली शिवसमुद्रमच्या वीजकेंद्राला बारमाही प्रवाहही मिळायचा होता. दातर्ती ते शिवसमुद्रम हे अंतर एका माणसाने आपल्या आयुष्यात कापले. पांझरेच्या काठावरच्या गावांनी ते कापले नाही. त्यांच्याकडे काळवा राहिला, वीज दुसरीकडून आली.

इथे थोडे गणित करू. या क्षेत्रात येणाऱ्याने ते टाळू नये, कारण अर्धे वाद आकडे न मांडल्यामुळे होतात. पडत्या पाण्यातून किती किलोवॅट मिळतील ते काढायला तीन गोष्टी लागतात: सेकंदाला किती घनमीटर पाणी, किती मीटर उंचीवरून, आणि यंत्राची कार्यक्षमता किती. या तिघांचा गुणाकार करून त्याला 9.81 ने गुणायचे. फडाच्या काळव्यातले 450 लिटर पाणी तीन मीटरांवरून पाडले आणि लहान यंत्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर नऊ किलोवॅटच्या थोडे वर येते. पाच हॉर्सपॉवरच्या दोन मोटारी चालतील, एवढेच. दिवसाचे चोवीस तास पाणी वाहिले तर सव्वादोनशे युनिटच्या आसपास. आता समजा, एखाद्या मोठ्या धरणाच्या पायथ्याशी आवर्तनाचे तीस घनमीटर पाणी पंचवीस मीटरांवरून पडते आणि यंत्र ऐंशी टक्के कार्यक्षम आहे. मग उत्तर जवळजवळ सहा मेगावॅट येते. पंधरा दिवसांचे एक आवर्तन झाले की एकवीस लाख युनिट, आणि युनिटला चार रुपये जरी धरले तरी पाऊण कोटीच्या वर रक्कम.

या दोन उत्तरांमध्ये फक्त आकाराचा फरक नाही. नऊ किलोवॅटचे यंत्र गाव सांभाळू शकते. सहा मेगावॅटचे यंत्र सांभाळायला कुशल कामगार, ग्रीडशी करार, विमा आणि मोठे भांडवल लागते. ‘स्थानिक संस्थेने वीज करावी’ असे म्हणताना आपण या दोहोंपैकी कशाविषयी बोलतो आहोत, हे आधी स्पष्ट हवे. माझा अनुभव असा की सभांमध्ये उत्साह पहिल्या आकाराचा असतो आणि हिशेब दुसऱ्या आकाराचे मांडले जातात.

पहिल्या आकाराचे उदाहरण खान्देशातच आहे, आणि ते या सगळ्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी असावे असा माझा आग्रह आहे. सातपुड्यात, धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. आज तो भाग नंदुरबार जिल्ह्यात मोडतो, पण 1 जुलै 1998 पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. उदई नदी तिथे सुमारे नऊ मीटरांचा धबधबा करून खाली उतरते. नर्मदा बचाव आंदोलन, केरळहून आलेले तरुण अभियंते, परदेशातल्या भारतीयांनी उभी केलेली मदत आणि पाड्यांवरच्या आदिवासींचे श्रमदान यांतून तिथे पंधरा किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. जानेवारी 2003 मध्ये तो सुरू झाला आणि बारा पाड्यांना वीज मिळाली. स्वातंत्र्याला पंचावन्न वर्षे झाली होती आणि त्या पाड्यांपर्यंत ग्रीडची तार पोहोचली नव्हती. 2004 च्या ‘स्वदेस’ चित्रपटातल्या गावच्या वीजनिर्मितीमागे बिलगावची प्रेरणा सांगितली जाते. चित्रपट देशाने पाहिला. बिलगावचे नाव थोड्यांनाच ठाऊक आहे.

पंधरा किलोवॅटसाठी नऊ मीटर उंचीवरून पाणी किती लागेल, याचे गणित वरच्याच रीतीने करून पाहा. सेकंदाला अडीचशे लिटरही लागत नाही. म्हणजे फडाच्या एका काळव्यात वाहणाऱ्या पाण्याच्या निम्म्याच्या आसपास. सातपुड्यातल्या झऱ्यांजवळ पाणी कमी पण उंची भरपूर. पांझरेकाठच्या काळव्यांत पाणी जास्त पण उंची नाही. एकेकाळच्या एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना निसर्गाने हे दोन घटक असे वेगवेगळे वाटून दिले आहेत.

2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्याने बिलगावचा प्रकल्प बुडवला. सरदार सरोवराची स्थापित क्षमता 1450 मेगावॅट आहे आणि त्यातला 27 टक्के विजेचा वाटा महाराष्ट्राचा आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे तालुके मिळून महाराष्ट्रातली 33 गावे या धरणाच्या बुडितात आली. पंधरा किलोवॅट आणि चौदाशे पन्नास मेगावॅट हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून कोणी म्हणेल की तुलनाच होत नाही. मेगावॅटमध्ये होत नाही, हे खरे. पण ही वीज कोणाची, असा प्रश्न विचारला तर पंधरा किलोवॅटच्या बाबतीत उत्तर देता येत होते. बारा पाड्यांची नावे घेऊन देता येत होते. हे उत्तर देता येणे ही या अभ्यासाची पहिली कसोटी मी मानतो. बिलगाव बुडाले म्हणून तो प्रयोग फसला असे जे लिहितात, त्यांच्याशी मी सहमत नाही. यंत्र चालले, लोकांनी ते चालवले. त्याला संपवणारे कारण बाहेरून आले, आणि ते कारणही पाणी आणि वीज यांच्यावर हक्क कोणाचा, याच प्रश्नातले होते.

आता खालच्या खोऱ्यात उतरू. इथल्या पाण्याचा कारभार तापी पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे, मुख्यालय जळगावला. हे महामंडळ 1997 च्या कायद्याने झाले, आणि त्या कायद्याच्या उद्देशातच सिंचन प्रकल्प आणि लाभक्षेत्र विकास यांच्या जोडीला जलविद्युत निर्मितीच्या योजनांचा उल्लेख आहे. म्हणजे खोऱ्याच्या पातळीवरच्या पाणीसंस्थेने वीज निर्माण करावी, ही कल्पना महाराष्ट्राच्या कायद्याला परकी नाही. कायद्यात ती पाव शतकाहून जास्त काळ आहे. परंतु महामंडळ हे शासनाचे आहे. त्याच्या खाली, शेताच्या बांधावर, दुसरी एक संस्था आहे: पाणी वापर संस्था. 2005 च्या ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ कायद्याने तिला पाण्याचा हक्क घनमापनाने दिला. मोजून पाणी घ्या, कोणते पीक घ्यायचे ते तुम्ही ठरवा, वसुली तुम्ही करा. या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद अशी की संचालक मंडळात कालव्याच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटच्या टोकाचे, अशा तिन्ही भागांतल्या शेतकऱ्यांना सारखे स्थान आहे. टेलचा माणूस मंडळावर बसला की वरच्याने चारी फोडल्याची गोष्ट सभेत निघतेच.

2005 या वर्षाकडे नीट पाहावे. हा कायदा त्याच वर्षीचा, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि लहान जलविद्युत प्रकल्प खासगी सहभागातून उभारण्याचे राज्याचे धोरणही त्याच वर्षीचे. एका दारातून पाणी शेतकऱ्यांच्या संस्थांकडे निघाले, दुसऱ्या दारातून त्याच पाण्याचे पडणे गुंतवणूकदारांकडे निघाले. ज्यांनी ही कागदपत्रे लिहिली त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. भांडवल हवे होते, आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांना बोलावले. पण पाणी एक आणि ते पडणे दुसरे, अशी फाळणी त्या वर्षी जवळजवळ कायम झाली. त्याआधी पाटबंधारे खाते धरणाच्या पायथ्याशी वीजकेंद्र बांधून वीज मंडळाला चालवायला देत असे. भाटघरचे 16 मेगावॅट, उजनीचे 12, येलदरीचे साडेबावीस, जायकवाडीवरच्या पैठणचे 12 अशी केंद्रे महाराष्ट्रभर आहेत. त्यांतही लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला वाटा नव्हताच, पण निदान पाणी आणि वीज दोन्ही सार्वजनिक होती.

विजेच्या बाजूचा कायदा मात्र अपेक्षेपेक्षा उदार आहे. 2003 च्या विद्युत कायद्याने वीजनिर्मितीसाठी परवान्याची अट काढली. मोठ्या जलविद्युत योजनांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची संमती लागते, लहानांसाठी तो अडसर नाही. ग्रामीण भागात वीज घाऊक घेऊन वाटण्याच्या संदर्भात तर कायद्याने पंचायती, सहकारी संस्था आणि ‘वापरकर्त्यांच्या संघटना’ यांची नावेच घेतली आहेत. पाणी वापर संस्था ही वापरकर्त्यांची संघटना नाही तर काय आहे? आणि सहकाराने वीज विकणे महाराष्ट्राला नवे नाही. सहकारी साखर कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज करतात, आपल्यापुरती वापरतात आणि उरलेली विकतात. त्यावर कोणी आक्षेप घेत नाही, कारण ऊस सभासदाचा आहे, चिपाड त्या उसाचे आहे, म्हणून वीजही त्याचीच. मग ज्या पाण्याचा हक्क मोजून सभासदाला दिला आहे, त्या पाण्याच्या पडण्याला चिपाडाइतकीही मालकी का नसावी? माझ्या मते या साऱ्या क्षेत्राचा गाभा या एका प्रश्नात आहे.

तरी उत्साह आवरून एका कटू इतिहासाकडे जावे लागते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस देशात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचे पाच प्रायोगिक प्रकल्प निघाले. त्यांतला एक अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूरला: मुळा-प्रवरा. दुसरा बेळगाव जिल्ह्यात, हुक्केरीला. दोन्ही संस्था वीज निर्माण करीत नव्हत्या. वीज मंडळाकडून घेऊन सभासदांना वाटीत होत्या. मुळा-प्रवरेने चार दशके काम केले, पण शेतीपंपांचे कमी दर, थकलेली वसुली आणि वरच्या पुरवठादाराची वाढत गेलेली बाकी यांत ती बुडत गेली आणि 2011 मध्ये तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था अजून वीज वाटते. या दोन संस्थांचा तुलनात्मक अभ्यास मराठीत व्हायला हवा. विद्यार्थ्यासाठी याहून चांगला विषय मला सुचवता येणार नाही. मुळा-प्रवरेकडे स्वतःची निर्मिती असती, तर वरची बाकी एवढी चढली असती का? कदाचित चढलीच असती. पण हा प्रश्न न विचारता ‘सहकार आणि वीज जमत नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे.

खान्देशातली जखम वेगळी आहे. तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बॅरेज झाले, पण तापी खोल दरीतून वाहते आणि शेते वर राहतात. पाणी चढवायला वीज लागते. नदीकाठच्या सहकारी उपसा सिंचन योजना वर्षानुवर्षे बंद पडून राहिल्या. कधी नदीत पाणी नव्हते, कधी यंत्रे जुनी झाली, आणि वीजबिलाची थकबाकी तर होतीच. तापीकाठच्या गावांत आजही सातबाऱ्यावर बोजा चढलेले शेतकरी भेटतात, ज्यांच्या शेताला त्या योजनेचे पाणी धड पोहोचलेच नव्हते. पाण्याची सहकारी संस्था विजेच्या बिलाने मोडते, हे इथे डोळ्यांनी दिसते. म्हणून वीज हा पाणीसंस्थेचा जोडधंदा आहे असे मी मानत नाही. तापीकाठी तो तिच्या जगण्याचा प्रश्न आहे.

आणि तसे पाहिले तर खान्देशच्या पाण्यातून वीज आजही होते. हतनूर धरणाचे पाणी दीपनगरच्या औष्णिक केंद्राला जाते. तिथे कोळशावर त्याची वाफ होते. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. दातर्तीही त्याच तालुक्यात. वारा, ऊन आणि पाणी, तिन्ही साक्रीत आहेत. एका तालुक्याच्या नकाशावर या तिघांची मालकी रंगवून पाहावी. असा नकाशा अजून कोणी काढलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि तो काढणाऱ्याची मी वाट पाहतो आहे.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे थोडक्यात. कॅलिफोर्नियात 1887 च्या राइट कायद्याने शेतकऱ्यांना मतदानाने ‘सिंचन जिल्हा’ स्थापन करता आला. त्याच वर्षी टर्लॉक सिंचन जिल्हा झाला आणि शेजारी मोडेस्टोचा. 1923 मध्ये या दोघांनी डॉन पेद्रो धरण बांधले आणि वीज विकायला सुरुवात केली. आज ते आपापल्या भागाचे वीजपुरवठादार आहेत आणि मंडळ निवडून दिलेले आहे. विजेच्या उत्पन्नाने पाण्याचा दर कमी ठेवता आला. दुसरे उदाहरण नेपाळमधल्या अंधीखोल्याचे. 1991 मध्ये तिथे 5.1 मेगावॅटचे वीजकेंद्र सुरू झाले आणि त्याच्याच पाण्यावर सिंचनाची योजना झाली. तिच्यात पाण्याचे भाग कामाच्या बदल्यात मिळत होते, म्हणून भूमिहीनांनाही मिळाले. आपल्याकडे विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणीपंचायतीतून हाच विचार 1970 च्या दशकात मांडला होता: पाण्याचा हक्क जमिनीच्या मापाने नाही, माणसांच्या संख्येने. कॅलिफोर्नियाची चौकट आणि पुरंदरचा विचार एकत्र आणता आला तर काय होईल, ही कल्पना मला अनेक वर्षे सोडत नाही. पाण्याच्या पडण्यावर जमिनीचा सातबारा नसतो. मग विजेचा वाटा भूमिहीन शेतमजुराला द्यायला कोणती अडचण आहे? फड पद्धतीलाही या प्रश्नाचे उत्तर नव्हते. तिचा न्याय जमीनधारकांपुरता होता, हे मान्य केले पाहिजे.

अडचणी पुष्कळ आहेत आणि त्या लपवून कोणाला या क्षेत्रात बोलावणे अप्रामाणिक होईल. सर्वांत मोठी अडचण वेळेची. ग्रीडला वीज संध्याकाळी हवी असते, पिकाला पाणी आवर्तनाप्रमाणे. गिरणा धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून जामदा आणि दहिगावच्या बंधाऱ्यांकडे येते आणि तिथून कालव्यांत जाते. त्या पाण्याची वेळ रब्बीचे हरभरा-गहू आणि उन्हाळ्यातले पिण्याचे पाणी ठरवतात. वीजकेंद्राचा नफा त्या वेळेवर हुकूम गाजवू लागला, तर पाणीसंस्थेने स्वतःच्याच सभासदाला फसवल्यासारखे होईल. सह्याद्रीतल्या धरणांमधून विजेसाठी पश्चिमेकडे वळवलेल्या पाण्यावरचा भीमा खोऱ्याचा दावा आपल्यासमोर आहेच. त्यामुळे नियम एकच हवा: आधी पाळी, मग वीज, वीज फक्त जाणाऱ्या पाण्यातून. असा नियम केला की यंत्र वर्षातले कित्येक महिने बंद राहते आणि गुंतवणुकीचा हिशेब जड जातो. खासगी गुंतवणूकदाराला तो परवडत नाही. ज्या संस्थेला पाणी तसेही सोडायचेच आहे आणि वीज तसेही विकत घ्यायचीच आहे, तिला तो परवडू शकतो. स्थानिक संस्थेच्या बाजूने मला दिसणारा सर्वांत मजबूत आर्थिक युक्तिवाद हाच.

दुसरी अडचण पांझरेनेच दाखवली. वर लाटीपाडा, मालनगाव, मग अक्कलपाडा अशी धरणे झाली, विहिरी वाढल्या, उपसा वाढला, आणि खालच्या काळव्यांना हक्काचे वाहते पाणी पूर्वीसारखे मिळेना. अनेक फड नावापुरते उरले. पाटकरी आहे, पाणी नाही. यंत्र बसवण्याआधी पुढच्या तीस वर्षांच्या प्रवाहाची खात्री कोण देणार? ती खात्री खोऱ्याच्या पातळीवरच मिळू शकते, म्हणजे पुन्हा महामंडळ आले, जलसंपत्ती प्राधिकरण आले. गाव आणि खोरे यांचा करार काय असावा, हे लिहून काढणारा कायद्याचा अभ्यासक या क्षेत्राला फार हवा आहे. अहिराणी समजणारा असेल तर आणखी बरे. पाटकऱ्याशी बोलताना पुस्तकी मराठीत ‘विसर्ग’ म्हणून काहीच हाती लागत नाही.

म्हणून नव्या वाचकाला माझे सांगणे असे की ग्रंथालयात जाण्याआधी काळव्यावर जा. नदीला पाणी असेल त्या महिन्यात, शक्यतो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, एखाद्या वाहत्या काळव्याच्या बंधाऱ्यापासून शेवटच्या चारीपर्यंत पायी चाला. सोबत वही, घड्याळ, मोजपट्टी आणि पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्या. एवढ्यावर उंचीतला फरक काढता येतो. एखादे वाळके पान सोडून दहा मीटर जायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजा, काळव्याची रुंदी आणि खोली घ्या, प्रवाहाचा अंदाज मिळेल. जिथे-जिथे पाणी पडताना ऐकू येईल तिथे थांबा. पाटकऱ्याला बरोबर घेतलेत तर तो त्या जागा अंधारातही दाखवील. प्रत्येक जागेसाठी वहीत एक ओळ: उंची, प्रवाह, वर्षातले वाहते दिवस, सर्वांत जवळची डीपी किती अंतरावर. हे चार रकाने तुम्हालाच भरता येतील. पाचवा रकाना मोकळा ठेवा आणि त्यातला मजकूर पाटकऱ्याला विचारून भरा: ही पायरी शेवटची कधी फुटली होती, आणि ती कोणी बांधून काढली.